अजलसिंचित म्हणजे बिनपाण्याची नव्हे

(न्हावा शेवा बंदर परिसराच्या पाहणीनंतर उरण तालुक्यात झालेल्या कार्यकर्ता शिबिरातील भाषण. जिल्हा बैठकांमध्ये वाचून दाखवता यावे म्हणून शब्दांकन करून छापले आहे.)



काल दिवसभर आपण न्हावा शेवा बंदर पाहिलं. खरं बोलायचं तर बंदराचं कुंपण पाहिलं आणि कुंपणाबाहेरची ट्रेलरची रांग पाहिली. आत जायला पास लागतो आणि तो आपण वेळेवर काढला नव्हता, ही चूक माझी. तरी रस्त्याच्या कडेला उभं राहून आपल्या पोरांनी डबे मोजायला घेतले आणि अर्ध्या तासात नाद सोडला. २०२४-२५ या एका वर्षात इथून वीस फुटी मापाचे सुमारे ७३ लाख डबे हलले. देशातल्या मोठ्या बंदरांतून जेवढे डबे जातात-येतात, त्यातले जवळपास निम्मे या एका जागी.

यवतमाळच्या एका काकांनी मला विचारलं, 'यातला आपल्या कापसाचा डबा कोणता?' ओळखू येत नाही, काका. गाठीवर जिनिंगचा नंबर असतो, शेताचा नसतो. आणि डबा जसा जातो तसा येतोही. १९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. म्हणजे नेमका आपला माल घरी येण्याचा काळ. परदेशची रुई अशाच बंदरांतून आत आली. पण भावाचं भाषण आज मी करणार नाही, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करता. आज मला पाण्यावर बोलायचं आहे, आणि जमिनीवर.

निघताना गावात काहींनी टोमणा मारला होता की कोरडवाहू शेतकऱ्याला समुद्र कशाला दाखवता? एक तर आपल्या शेतावर पडणारा पाऊस याच समुद्रावरून येतो. आणि दुसरं, या किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याचं जे झालं त्यात आपल्या पुढच्या वीस वर्षांचा अंदाज आहे.

आज सकाळी इथल्या एका आजोबांनी आपल्याला जुना बांध दाखवला. तुम्हाला तो साधा मातीचा ढीग वाटला असेल. ही खारबंदिस्ती. समुद्राची भरती शेतात घुसू नये म्हणून मातीचा बांध घालायचा आणि त्यात दार ठेवायचं, त्याला म्हणतात उघाडी. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दार मिटतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दार ढकलून बाहेर जातं. वीज नाही, पंप नाही. मृगाच्या पहिल्या पावसांनी मातीतला खार धुवायचा, ते पाणी उघाडीतून सोडून द्यायचं, आणि मग गोड्या पाण्यावर भात घ्यायचा. उधाणाला बांध फुटला, खांड पडली, की घरटी माणूस मातीला. या सामाईक राखणीला या भागात जोळ म्हणत.

मी कृषी पदवीधर आहे. पदवीच्या चार वर्षांत भूमिशास्त्र शिकलो, पण मातीतलं मीठ, आकाशातलं पाणी आणि चंद्राच्या तिथी एकाच हिशेबात बसवणारी शेती मला कुणी शिकवली नाही. ती इथल्या आगरी शेतकऱ्याला येत होती. सरकारलाही तिचं महत्त्व एके काळी कळलं होतं. १९४८ साली मुंबई राज्यात खार जमिनींसाठी कायदा झाला. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे, आज ते दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं आहे. त्या केंद्राने खाऱ्या जमिनीत टिकणारे भाताचे वाण काढले, पनवेल १, पनवेल २, पनवेल ३. वाण चांगले आहेत. ज्या जमिनींसाठी काढले त्यातल्या बऱ्याच जमिनींवर मात्र आज डबे उभे आहेत.

आणि ही माणसं मुकी नव्हती, हेही सांगतो. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीला १९३३ साली कुळांनी संप पुकारला, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली. खोताची जमीन कसायचीच नाही, असं ठरवून बसले. सहा वर्षं. आपण दर सभेत 'पेरणी बंद'ची भाषा करतो, यांनी ती उपाशी राहून करून दाखवली.

मग १९७० साल आलं. सिडको स्थापन झाली. नवी मुंबई वसवायची म्हणून ठाणे, पनवेल आणि उरणमधली ९५ गावं घेण्याचं ठरलं. पुढे बंदरही आलं. जमिनीच्या दरावरून दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उठले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई-दास्तान-नवघर परिसरात पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी हुतात्मा झाले. दरसाल इथे त्यांना मानवंदना देतात. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं जे तत्त्व आज सगळीकडे सांगितलं जातं, ते या रक्तातून आलेलं आहे. कोणत्या अधिकाऱ्याच्या दयेतून नव्हे. २६ मे १९८९ ला बंदर सुरू झालं. शेवा कोळीवाडा उठला. त्या लोकांना ज्या नव्या जागेत बसवलं तिथे वाळवीने घरं पोखरली, आणि नीट पुनर्वसनासाठी ती कुटुंबं कित्येक वर्षं भांडत राहिली. खाड्या भरावाने बुजल्या तशी मासळीची वाट बंद झाली. कोळी बांधव हरित न्यायाधिकरणात गेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये १,६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून ९५ कोटींवर भरपाई देण्याचा आदेश झाला. प्रकरण पुढे वरच्या न्यायालयात गेलं.

तुम्ही म्हणाल, ही तर विस्थापनाची कहाणी झाली, अशा आम्हीही ऐकल्यात. यात पाणी कुठे आहे?

पाणी यात आहे. या जमिनीची ओळख सरकारी कागदावर एका शब्दात होती, 'खार'. शहरातल्या माणसाला खार म्हणजे नापीक वाटतं. बांध, उघाडी, पावसाने धुतलेली माती, पिढ्यांची अक्कल, हे त्या शब्दात कुठेच नव्हतं. कागदावर जे नाही त्याची भरपाई नाही, आणि कागदावर जे नाही ते बुजवताना कुणाचा हात थरथरत नाही.

आता इथून पेण तालुक्याची गोष्ट बघा, ती उलटी आहे. पेणमध्ये भोगावती नदीवर हेटवणे धरण बांधलं. नाव सिंचनाचं. कालवे वर्षानुवर्षं अपुरे राहिले आणि पाणी नवी मुंबईच्या नळाला गेलं. शेतकऱ्याला मिळाला कागद, की तुझी जमीन हेटवण्याच्या लाभक्षेत्रात आहे. पाणी नाही, पण कागद आहे. मग महामुंबई सेझ आलं, पेण, पनवेल, उरणमधली हजारो हेक्टर जमीन मागायला. तेव्हा पेणच्या २२ गावांनी तोच कागद बाहेर काढला. आम्ही लाभक्षेत्रात आहोत, ओलिताची जमीन उद्योगाला कशी देता? प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन असे कार्यकर्ते सोबत होते. २१ सप्टेंबर २००८ ला सरकारला त्या २२ गावांत मतदान घ्यावं लागलं की सेझला जमीन द्यायची का. निकाल सरकारने जाहीर केला नाही, यावरूनच तो काय असेल ते ओळखा. ते भूसंपादन पुढे बारगळलं.

म्हणजे खऱ्याखुऱ्या पाण्याची शेती होती तिथे कागदावर पाणी नव्हतं, ती गेली. आणि कालव्याचं पाणी आलंच नव्हतं पण कागदावर होतं, ती वाचली. या दोन गोष्टी शेजारी ठेवून विचार करा आणि मग आपला सात-बारा काढा.

सात-बाऱ्यात पीकपाहणीचा भाग असतो. त्यात दोन शब्द आहेत, जलसिंचित आणि अजलसिंचित. आपल्या सगळ्यांच्या पऱ्हाटीपुढे, तुरीपुढे, ज्वारीपुढे अजलसिंचित लिहिलेलं आहे. बोलीत आपण जिरायत म्हणतो. जिरायत या शब्दात निदान पाणी जिरतं. अजलसिंचित म्हणजे जिथे पाणीच नाही, असा अर्थ वाचणाऱ्याला लागतो.

आता हिशेब करू. पोरांनो, कागद-पेन्सिल घ्या. एक मिलीमीटर पाऊस एक एकरावर पडला तर किती पाणी होतं? चार हजार लिटर. थोडं वरच, पण चार हजार धरा. म्हणजे ट्रॅक्टरमागचा एक लहान टँकर. एक मिलीमीटर, एक एकर, एक टँकर. एवढं एकच गणित लक्षात ठेवा, बाकी सगळं यातून निघतं. सातशे मिलीमीटर पाऊस म्हणजे तुमच्या एकरावर सातशे टँकर. अठ्ठावीस लाख लिटर. उन्हाळ्यात एका टँकरसाठी अर्ध्या रात्री रांग लावणाऱ्या माणसाच्या एकेका एकरावर निसर्ग सातशे टँकर ओततो आणि तलाठ्याचा कागद म्हणतो, अजलसिंचित!

हे पाणी जातं कुठे? काही वाहून नाल्याला लागतं. काही खोल जाऊन विहिरीला मिळतं. काही उन्हाने उडतं. आणि काही मातीत थांबतं, ते पीक पितं. पाण्याचे जाणकार नदी, धरण, विहिरीतल्या पाण्याला निळं पाणी म्हणतात आणि मातीत थांबून पिकातून हवेत जाणाऱ्या पाण्याला हिरवं पाणी. ही विभागणी १९९० च्या दशकात स्वीडनच्या मालिन फाल्कनमार्क बाईंनी मांडली. त्यांचं म्हणणं असं, की जगातले पाण्याचे खाते फक्त निळं पाणी मोजतात आणि जगातल्या शेतीचा मोठा भाग हिरव्यावर चालतो. आपल्याकडे पाटबंधारे खातं आहे, भूजल खातं आहे. ओलाव्याचं खातं मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

आता तो डबा परत आणू. कापसाचं पीक पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाणी वापरतं. पाचशे टँकर, वीस लाख लिटर. एकरी पाच क्विंटल कापूस झाला तर रुई निघते १७० किलो, म्हणजे एक गाठ. तीस बाय तीस मीटरचं तीन मीटर खोल शेततळं साधारण २२ लाख लिटरचं असतं. म्हणजे गाठीमागे जवळपास एक शेततळं. डब्यात पंचवीस टन रुई धरली तर दीडशेच्या घरात गाठी. काल तुमच्यापुढून एकेक ट्रेलर जात होता तो दीडशे शेततळ्यांचा हिशेब घेऊन जात होता.

गैरसमज नको. पाणी डब्यात बसून परदेशी जात नाही, ते पानांतून कधीच हवेत गेलेलं असतं. लंडनचे टोनी ॲलन नावाचे प्राध्यापक होते, त्यांनी मालामागच्या या पाण्याला आभासी पाणी असं नाव दिलं, २००८ साली त्यांना स्टॉकहोमचा पाण्याचा मोठा पुरस्कार मिळाला. कल्पना चांगली आहे. पण चांगल्या कल्पनेचं आपल्या दारात येईपर्यंत काय होतं ते ऐका. जगभर एक आकडा फिरतो, की भारतातल्या कापसाला किलोमागे साडेबावीस हजार लिटर पाणी लागतं आणि जगाची सरासरी मात्र दहा हजार. मग शहरातल्या चर्चासत्रात कुणी तरी उठून म्हणतं, कापूस पाणीपिपासू आहे, शेतकरी पाणी उधळतो.

आपणच गणित केलं ना आत्ता? वीस लाख लिटर भागिले १७० किलो, बारा हजारांच्या खाली येतं. हा साडेबावीस हजार कुठून आला? पावसाने दडी मारली, बोंडं गळली, पाचाऐवजी अडीच क्विंटल हाती आले की तेच पाणी निम्म्या रुईवर पडतं आणि आकडा तेवीस-चोवीस हजारांवर जातो. म्हणजे तो आकडा आपली उधळपट्टी मोजत नाही, आपलं बुडालेलं पीक मोजतो. आणि महाराष्ट्रातला बहुतेक सगळा कापूस कोरडवाहू आहे. त्याने कोणत्याही धरणातला थेंब घेतलेला नाही, कोणत्या शहराचा नळ तोडलेला नाही. नाल्याचं पाणी अडवून पिणाऱ्याला आणि आपल्या अंगावर पडलेलं पिणाऱ्याला एकाच खात्यात टाकलं की असा अन्याय होतो. (उसाबद्दल आज बोलत नाही, नाही तर जेवायला उशीर होईल.)

आता माती. हिरवं पाणी किती थांबणार ते मातीची खोली आणि जात ठरवते. मीटरभर खोल काळी माती पिकाला उपयोगी असं दोनशे मिलीमीटरच्या आसपास पाणी धरते. दोनशे टँकर. फूटभर मुरमाड जमीन धरते चाळीस. बोंडं भरायच्या दिवसांत पऱ्हाटी रोज पाच मिलीमीटर तरी ओढते. रोज पाच टँकर. मुरमाडाची टाकी आठ दिवसांत संपते. काळीची चाळीस दिवस पुरते. पावसाचा तीन आठवड्यांचा खंड पडला की एका धुऱ्याच्या अलीकडचं पीक करपतं आणि पलीकडचं तरून जातं, पर्जन्यमापक मात्र दोघांना एकच आकडा देतो. आपल्या मालदांडी ज्वारीचं सगळं जगणंच या टाकीवर. पावसाळा संपत आल्यावर पेरायची, पुढे पाऊस जवळपास नाही, आणि फेब्रुवारीत कणसं खुडायची. मालदांडीला अजलसिंचित म्हणणाऱ्या माणसाला ती भाकर पचते कशी?

इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. २०१५ च्या खरिपात मी एका तालुक्यात सल्ला देण्याचं काम करत होतो. मंडळाच्या ठिकाणी बासष्ट मिलीमीटरची नोंद झाली. मी भराभरा फोन केले, ओल झाली, पेरा. अकरा किलोमीटरवरच्या एका गावात लोकांनी माझ्या शब्दावर सरकी लावली. त्या गावात पाऊस झाला होता निम्मासुद्धा नाही, आणि जमिनी फूट-दीड फुटाच्या. बी उगवून सुकलं. दुबार लावण झाली. नंतर मी ते पर्जन्यमापक बघायला गेलो तर ते एका कचेरीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होतं. पण दोष मापकाला देऊन मी सुटत नाही. मी मातीत खुरपं घालून बघायला पाहिजे होतं, मी कागद बघितला. त्या गावातल्या एका वहिनींनी मला एवढंच विचारलं, 'साहेब, तुम्ही शेत पाहिलं होतं का?' त्यानंतर थोड्याच दिवसांत मी ते काम सोडलं आणि तुमच्यात आलो.

आता हवामानाचं. बदल होतोय का नाही, या वादात मी वेळ घालवत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ पर्यंतच्या पावसाच्या नोंदी तपासून २०१७ साली मांडलं, की गुजरातपासून ओडिशापर्यंतच्या मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्या पट्ट्यात, दिवसाला दीडशे मिलीमीटरच्या वर कोसळणारे आणि मोठा मुलूख झोडपणारे पाऊस तिपटीने वाढले. मोसमाचा एकूण पाऊस मात्र वाढला नाही, उलट घटला. कारण त्यांनी दाखवलं ते आपल्या समोर आहे, हा अरबी समुद्र. तो तापतोय, त्यावरून बाष्पाचे लोंढे अधूनमधून आत घुसतात आणि दोन-तीन दिवसांत सगळं ओततात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आणि आपलं आठवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात शेतं वाहून गेली, माती खरवडून खाली खडक लागला.

टँकरच्या भाषेत सांगतो. सातशे टँकर पन्नास दिवसांत आले तर टाकी भरत राहते. दीडशे-दोनशे टँकर एका रात्रीत आले तर माती किती घेणार? बाकीचे नाल्याला, आणि जाताना माती घेऊन. माती गेली म्हणजे टाकीच लहान झाली. पुढच्या वर्षी सरासरी पाऊस पडला तरी पीक करपतं आणि सरकार म्हणतं, पाऊस तर झाला होता! केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत जमिनीतला ओलावा हा एक निकष घातलेला आहे. पुस्तकात आहे. पण आपल्या मंडळातला ओलावा कुणी, कुठे, कोणत्या शेतात मोजला, हे तहसीलला विचारून बघा. २०२५ च्या खरिपापासून राज्याने पीकविम्यातले मधल्या खंडाचे आणि स्थानिक आपत्तीचे भाग काढले, कापणी प्रयोगावर सगळं आणलं. मग आठव्या दिवशी कोणाची टाकी संपली हे आता कोण बघणार?

मग जमिनीकडे या. आपण इथे आलो ते समृद्धी महामार्गाच्या आजूबाजूने. ७०१ किलोमीटर, शेवटचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. जालन्याला आणि वर्ध्याजवळ सिंदीला कोरडं बंदर, म्हणजे न्हावा शेव्याचीच आतली शाखा. मी रस्त्याच्या विरोधात नाही, माझा माल लवकर जाणार असेल तर मला रस्ता हवा. पण रस्त्यालगत गोदाम येतं, गोदामालगत वसाहत येते, मुरूम लागतो म्हणून टेकडी जाते, आणि या सगळ्यासाठी बघितली जाते ती 'अजलसिंचित' जमीन. कायदा काय म्हणतो? २०१३ चा भूसंपादन कायदा म्हणतो, सिंचित बहुपीक जमीन घेऊ नका, घ्यायचीच तर शेवटचा उपाय म्हणून. रस्ते, रेल्वे, कालव्यांना तीही अट नाही. ते असो. पण सिंचित शब्द बघा. खरिपात मूग आणि रब्बीत ज्वारी देणारी तुमची चार फूट काळी जमीन बहुपीक आहे, दोनशे टँकरची टाकी आहे, पण सिंचित नाही. म्हणून तिला ते संरक्षण नाही, आणि मोबदल्यात बागायतीचा दरही नाही.

आपली मागणी इथून निघते. गावाच्या दप्तरात प्रत्येक गटाच्या जमिनीची खोली, जात आणि ती किती पाणी धरते हे लिहा. हे अवघड नाही. नागपूरला मृद सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे, तिच्याकडे नकाशे आहेत. २०१८ पासून पोकरा प्रकल्पात आपल्याकडच्या पाच हजारांवर गावांत पाण्याचे ताळेबंद केले, त्याचं गणित मुंबईच्या आयआयटीने बसवून दिलं. त्यात पाऊस, वाहून गेलेलं पाणी, मुरलेलं पाणी आणि मातीतला ओलावा, सगळं धरतात. म्हणजे मोजायची विद्या आहे. तो ताळेबंद ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहे. किती जणांनी तो वाचलाय? हात वर करा. चार. बरं, मीही माझ्या गावचा मागच्याच वर्षी वाचला.

घरी जाऊन लगेच काय करायचं ते सांगतो. गावात उताराच्या वरचं, मधलं आणि खालचं अशी तीन शेतं निवडा. बायाबापड्यांना विचारून निवडा, कोणत्या पट्ट्यात पीक आधी मान टाकतं हे निंदणाऱ्या बाईला जेवढं ठाऊक असतं तेवढं मालकाला नसतं. प्रत्येक शेतात मीटरभर खोल खड्डा करा. कुठे मुरूम लागला, कुठे चुनखडीचे खडे लागले, मुळ्या कुठवर गेल्यात, ते टेपने मोजून वहीत लिहा. काळ्या मातीच्या फुटाला साठ टँकर धरा, मुरमाडाला चाळीस, आणि बेरीज करा. अंदाजच आहे, पण आजच्या शून्यापेक्षा बरा. ती वही ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करा. उद्या कुणी जमीन मागायला आलं तर हरकतीच्या अर्जाला ती वही जोडायची. पेणच्या लोकांकडे लाभक्षेत्राचा कागद होता, आपल्याकडे हा असू दे.

टाकी मोठी करायचे उपाय तुम्हाला माहीत आहेत, माझ्यासारख्याने सांगून सांगून कान किटले असतील. उताराला आडवी पेरणी करा. शेवटच्या डवरणीला डवऱ्याला दोरी गुंडाळून ओळींमध्ये सऱ्या पाडा. पऱ्हाटी जाळू नका. सरी पाडायला पैसा लागत नाही, दोरी लागते. यंदा प्रत्येक कार्यकर्त्याने निदान एका एकरात सरी पाडून शेजारचा एकर तसाच ठेवावा आणि फरक लिहून आणावा.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वह्या आणायच्या आहेत. तालुकावार नावं आता जेवणानंतर लिहून घेऊ, जालना आणि वर्ध्याच्या मंडळींनी आधी यावं, तुमच्याकडे घाई जास्त आहे. आणि खड्डे मोजून झाले की त्याच दिवशी बुजवा. मागे एका गावात आम्ही विसरलो होतो, रात्री गोऱ्हा पडला आणि मालकाने चार दिवस आम्हाला गावात येऊ दिलं नाही.